चिवडा विकायला सीए लागतो का?

पैसे घेऊन चिवडा मी पहिल्यांदा विकला तो जुलै २०१८ मध्ये, धनकवडीत, आमच्याच सोसायटीच्या बी विंगमध्ये. दहा पुडे. ऑगस्ट उजाडायच्या आत तीन जणांनी विचारलं, "सीए लावला की नाही?" चिवड्यात मीठ जास्त झालंय हे मात्र एकानेही सांगितलं नाही. झालं होतं.

मी घाबरले आणि एक माणूस 'लावला'. ओळखीतून मिळालेले कर सल्लागार, महिना हजार रुपये. पहिल्याच भेटीत ते म्हणाले, "जीएसटी नंबर काढून टाकू, असलेला बरा." मी पॅन, आधार, लाइटबिल दिलं आणि दाखवतील तिथे सह्या केल्या. मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा तेव्हा वर्षाला २० लाख होती आणि माझी विक्री वर्षभराची धरली तरी चार लाखांपुढे जाणारी नव्हती. म्हणजे नंबर काढायची गरजच नव्हती. त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पाकिटावर नाव छापलेलं होतं म्हणून माझ्याकडून १२ टक्के कर भरला जाऊ लागला. शंभराच्या पुड्याला एकशे बारा द्यायला शेजारणींनी साफ नकार दिला, तेव्हा शंभरातले पावणेअकरा रुपये माझ्याच कमाईतून जायला लागले.

दिवाळीनंतर त्या गृहस्थांचं माझ्या कामावरचं लक्ष उडालं. रिटर्न भरली जाताहेत असं मी धरून चालले होते. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर मोबाइल नंबर त्यांचा, ईमेलही त्यांचा, त्यामुळे आलेली प्रत्येक सूचना त्यांच्याच फोनवर. एप्रिल २०१९ मध्ये कळलं की पाच महिन्यांची रिटर्न तुंबली आहेत. प्रत्येक रिटर्नला दिवसाला ५० रुपये. नुसतं विलंब शुल्कच २२ हजारांच्या वर गेलं, व्याज निराळं. दिवाळीत पहाटे चारला उठून भाजलेले पोहे त्यात गेले.

हे रडगाणं एवढ्यासाठीच, की आता कोणी नवीन धंदेवाली मला "सीए लावू का हो?" विचारते तेव्हा मी आधी तिचा प्रश्न सोडवून घेते. कामाला बाई ठेवताना आपण 'बाई ठेवली' एवढ्यावर थांबत नाही. धुणं, भांडी, केरफरशी, पोळ्या, प्रत्येकाचं वेगळं ठरतं, आणि त्यातलं काही आपण स्वतःकडे ठेवतो. हिशोबाचंही तसंच. यात तीन कामं आहेत. रोजची नोंद लिहिणं हे एक. सरकारकडे रिटर्न भरणं हे दुसरं. आणि तिसरं सल्ला देणं आणि लागेल तिथे सही करणं. पहिलं काम टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर) येणारी मुलगी करू शकते, दुसरं कर सल्लागार करू शकतो, ऑडिटची, म्हणजे हिशोबतपासणीची, सही मात्र फक्त प्रॅक्टिस करणाऱ्या सीएचीच चालते. आपण तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात बांधतो, महिन्याला ठरावीक रक्कम देतो आणि मग यातलं नेमकं काय होतंय हे कोणालाच माहीत नसतं.

तुम्हाला निवड आहे का, हे आधी बघा

काही जणांना हा विचार करायची मुभाच नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली असेल तर स्थापनेपासून ३० दिवसांत ऑडिटर नेमावा लागतो, आणि एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट आणि वार्षिक फॉर्म चुकत नाहीत. माझ्या भाच्याने दोन मित्रांबरोबर बाणेरला कंपनी काढली, कारण व्हिजिटिंग कार्डावर 'डायरेक्टर' छान दिसतं. पहिल्या वर्षी धंदा शून्य. वार्षिक फॉर्म राहून गेले, आणि उशिराला प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये, वर कमाल मर्यादा नाही. एलएलपीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीचं, थोडं सौम्य आहे, उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं तरच ऑडिट. पण वार्षिक फॉर्म तिथेही आहेतच. तेव्हा या दोन्ही प्रकारांत सीए आधी, कार्ड नंतर.

भागीदारीत करार लिहिताना एकदा सीएकडे जाच. भागीदारांचा पगार आणि भांडवलावरचं व्याज करारात लिहिलेलं नसेल तर आयकरात त्याची वजावट मिळत नाही. दोन मैत्रिणींनी स्टॅम्पपेपरवर 'नफा निम्मा निम्मा' एवढंच लिहून आणलेलं मी पाहिलंय.

एकटीने, स्वतःच्या नावावर धंदा करत असाल, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी. सुरुवातीच्या कागदांसाठी कोणी हजारो मागितले तर जरा थांबा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. शॉप ॲक्टला वीसपेक्षा कमी माणसं असतील तर परवाना काढावा लागत नाही, ऑनलाइन कळवायचं फक्त. माझी दोन्ही कामं मुलाने एका रविवारी क्रिकेट बघत उरकली.

जीएसटीचा खरा प्रश्न: गिऱ्हाईक कोण आणि कुठलं?

१ एप्रिल २०१९ पासून महाराष्ट्रात मालाच्या विक्रीला मर्यादा वर्षाला ४० लाख आहे आणि सेवेला २० लाख. म्हणजे ब्लाउज विकणारीला ४०, शिवून देणारीला २०. ही मर्यादा नफ्याची नाही, एकूण विक्रीची आहे. तुमच्या एका पॅनवर जेवढे धंदे असतील त्या सगळ्यांची मिळून. नवऱ्याचं दुकान त्याच्या पॅनवर, तुमचा चिवडा तुमच्या पॅनवर, तर हिशोब वेगळा. पण तुम्हीच सकाळी डबे देता आणि संध्याकाळी शिकवण्या घेता, तर बेरीज एकच.

मर्यादेच्या आत असूनही नंबर घ्यावा लागतो तो मुख्यतः एका कारणाने, माल राज्याबाहेर विकला तर. इथे आपली मराठी माणसं हमखास फसतात. बेळगावला मावशी राहते, तिच्या ओळखीचा दुकानदार म्हणतो दहा किलो पाठव. आपल्या मनात बेळगाव आपलंच असतं. जीएसटीच्या लेखी ते कर्नाटक आहे, आणि मालाची राज्याबाहेर विक्री झाली की रक्कम कितीही लहान असो, नोंदणी लागते. मी २०१९ मध्ये रखडलेलं सगळं भरून नंबर रद्द केला होता (रद्द केल्यावरही तीन महिन्यांत एक शेवटचं रिटर्न भरायचं असतं, ते बहुतेक जण विसरतात). २०२१ मध्ये नंबर पुन्हा काढला तो या बेळगावच्या दुकानापायीच. मात्र या वेळी का काढतेय ते मला माहीत होतं.

राज्यातच विकत असाल आणि मर्यादा ओलांडली असेल, तर कंपोझिशन योजनेचा विचार करा. दीड कोटीपर्यंतच्या उत्पादकाला आणि व्यापाऱ्याला उलाढालीवर १ टक्का, हॉटेलवाल्याला ५ टक्के. कर तिमाही, रिटर्न वर्षातून एकदा, एवढं कमी काम की स्वतः जमू शकतं. पण बिलात कर लावता येत नाही, खरेदीवरचा कर परत मिळत नाही आणि राज्याबाहेर विकता येत नाही. त्यामुळे घरगुती गिऱ्हाईक असणाऱ्याला ती बरी, आणि कंपन्यांना माल देणाऱ्याला निरुपयोगी, कारण कंपनीला कराचं बिल हवं असतं. हिंजवडीच्या एका ऑफिसने मला दिवाळीच्या बॉक्सची ऑर्डर देताना चवीच्या आधी जीएसटी नंबर विचारला होता.

नेहमीची नोंदणी असेल तर मात्र रिटर्न भरायचं काम बाहेर द्या असं मी स्पष्ट सांगेन. पाच कोटींच्या आतल्यांना रिटर्न तिमाही भरायची सोय आहे, पण कर दरमहा भरावाच लागतो, आणि दर बदलत राहतात. २२ सप्टेंबर २०२५ ला पाकिटातल्या चिवड्या-फरसाणाचा कर १२ वरून ५ टक्के झाला. म्हणजे शंभरातले पावणेअकरा जात होते तिथे आता पावणेपाच. ऐन नवरात्राच्या पहिल्या दिवशी, छापून आलेल्या पाकिटांचे गठ्ठे बोहरी आळीतून नुकतेच घरी आलेले! त्या आठवड्यात मी सीए मॅडमना चार फोन केले, आणि वर्षभराची फी तिथेच वसूल झाली असं मला वाटतं.

आयकराला 'कमीत कमी' दाखवण्याचा मोह

छोट्या धंद्याला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे. जुन्या कायद्यातल्या कलमावरून सगळे तिला अजून 'चव्वेचाळीस एडी' म्हणतात. उलाढाल दोन कोटींपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींपर्यंत) असेल तर रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के आणि बँक-यूपीआयच्या विक्रीवर किमान ६ टक्के नफा दाखवला की सविस्तर हिशोबपुस्तकं मागितली जात नाहीत. कंपनीला आणि एलएलपीला ही सोय नाही, दलालीच्या धंद्यालाही नाही.

समजा वर्षाची विक्री १८ लाख. त्यातले १४ लाख यूपीआयने, ४ लाख रोख. १४ लाखांचे ६ टक्के ८४ हजार, ४ लाखांचे ८ टक्के ३२ हजार. उत्पन्न झालं १ लाख १६ हजार. कर शून्य. माणूस खूश.

इथेच गोम आहे. कायद्यात शब्द 'किमान' आहे. खरा नफा पाच लाख झाला असेल तर पाच लाख दाखवायचे. आमच्या बिल्डिंगमधली पापड-कुरडया करणारी बाई तीन वर्षं लाख-सव्वालाखच दाखवत होती. मग तिला मोठं मशीन घ्यायचं ठरलं. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांसाठी केंद्राची जी योजना तेव्हा होती, त्यात खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान मिळायचं, पण बाकीचं कर्ज बँकच देणार. बँकेच्या साहेबांनी तीन रिटर्न बघितली आणि विचारलं, "ताई, महिन्याला दहा हजार कमावता, मग बारा हजारांचा हप्ता कुठून भरणार?" ती काय बोलणार? गंमत म्हणजे २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्यच पडतो. खरे पाच लाख दाखवले असते तरी कर लागला नसता.

एवढा एक सल्ला कोणी वेळेवर दिला तरी सीएला वर्षातून एकदा भेटण्याचं सार्थक होतं. साधं रिटर्न मात्र, विक्री एकाच खात्यात आणि दुसरं किचकट उत्पन्न नसेल तर, घरातली शिकलेली मुलगी संध्याकाळभरात भरू शकते.

लिहिणं मात्र स्वतःच

माझे सासरे रविवार पेठेतल्या एका घाऊक दुकानात पस्तीस वर्षं दिवाणजी होते. २०१९ च्या त्या प्रकारानंतर त्यांनी मला अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी बांधणीची वही आणायला लावली आणि रोजकीर्द शिकवली. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. रात्री गल्ला आणि वही जुळली की निजायचं. दोन रुपये जुळले नाहीत तर? "आज शोधलेस तर दोन रुपये," ते म्हणायचे, "मार्चमध्ये शोधशील तर दोन दिवस."

पहिले तीन महिने तरी हे कोणाला देऊ नका. वहीत लिहा नाहीतर मोबाइलच्या एक्सेलमध्ये. तारीख, कोणाकडून किंवा कोणाला, कशाचे, किती, रोख की यूपीआय. मार्केट यार्डात भुसारवाल्याकडून पक्कं बिलच मागा, आणि एका दिवसात एकाच माणसाला दहा हजारांच्या वर रोख देऊ नका, कारण प्रत्यक्ष खर्चाचा हिशोब दाखवायची वेळ आली तर तो खर्च धरत नाहीत. बिलांसाठी महिन्याचं एक पाकीट करा. माझ्याकडे लग्नाच्या आहेराची रिकामी पाकिटं पडून होती, तीच अजून पुरताहेत.

आणि धंद्याचं बँक खातं वेगळं करा. क्यूआर कोडही त्याच खात्याचा. भिशीचे पैसे, नणंदेने परत केलेले उसने, मुलाच्या ट्रिपची वर्गणी, असं सगळं एकाच खात्यात आलं की पुढे सगळी जमा विक्रीच दिसते. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, तेव्हा आमच्या महिला ग्रुपवर दोन दिवस 'यूपीआय बंद करा, रोख घ्या' चाललं होतं. खातं वेगळं असेल आणि वही लिहिलेली असेल तर इतकं घाबरायचं कारण नाही. विक्री मर्यादेत असल्याचं दाखवता येतं.

तीन महिन्यांनी घड्याळ लावून बघा, आठवड्याला हिशोबात किती तास जातात. मी हा खर्च चिवड्यात मोजते. चार तासांत माझा बारा किलो चिवडा होतो. सुरुवातीला आठवड्याला तासभर जायचा, म्हणजे तीन किलो. चालेल. २०२२ पासून दुकानांची उधारी, माल परत येणं, कामाला दोघी बायका, असं वाढत वाढत पाच तासांवर गेलं. पंधरा किलो चिवडा मी वहीत घालवत होते! तेव्हा मी टॅली येणारी एक मुलगी ठेवली, महिन्यातून दोन शनिवार. ती आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "काकू, या दोघींचा पगार पंचवीस हजारांच्या आत आहे ना, मग यांचा व्यवसाय कर कशाला कापताय?" महाराष्ट्रात बायकांना तेवढ्या पगारापर्यंत माफी आहे, एप्रिल २०२३ पासून. ती माझ्याकडे आली २०२३ च्या जूनमध्ये, म्हणजे दोन महिने मी उगीच कापत होते. दोघींना परत दिले, वर चहा-भजी.

माणूस निवडताना

पुण्यात सीए गल्लोगल्ली आहेत. भेटायला जुलैत किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जाऊ नका, तेव्हा त्यांच्याकडे रिटर्न आणि ऑडिटची झुंबड असते आणि तुमच्या चार लाखांच्या धंद्याकडे कोणी मान वर करून बघणार नाही. दिवाळी झाली की जा. तीन महिन्यांची वही आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जा, आणि फोनवरच सांगा की सल्ल्याच्या एका भेटीची फी देऊन यायचंय. 'ओळखीतले आहेत, फुकट सांगतील' यात जेवढं मिळतं तेवढंच मिळतं.

समोर बसल्यावर मी जे विचारलं ते असं. माझं काम प्रत्यक्षात कोण करणार, तुम्ही की आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकणारी, मुलं? (मुलं करत असली तरी हरकत नाही, तपासणार कोण ते कळलं पाहिजे.) प्रत्येक रिटर्न भरल्यावर पोचपावती मला त्याच दिवशी मिळेल का? नोटीस आली तर उत्तराची फी याच पैशांत की वेगळी? मला जीएसटी नंबर लागतोच का, आणि लागत असेल तर कशामुळे? या शेवटच्या प्रश्नावर जो माणूस माझ्या गिऱ्हाइकांबद्दल उलट प्रश्न विचारेल, तो माझा. आत्ताच्या मॅडमनी पहिलं वाक्यच विचारलं, "राज्याबाहेर जातो का माल?"

पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचाच. यावर तडजोड करू नका. ओटीपी सांगायला दर वेळी फोन येतो, कढईत फोडणी असते, हात तेलकट असतात, वैताग येतो. येऊ दे. सीए असल्याचं कोणी सांगितलं तर सदस्य क्रमांक विचारा, त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नाव बघता येतं. कर सल्लागार वाईट असतात असं नाही, माझ्या बहिणीचे वीस वर्षांचे आहेत आणि उत्तम आहेत. पण कोण काय आहे ते माहीत असावं.

सध्या माझी व्यवस्था अशी: रोजची वही मी, टॅली ती मुलगी, जीएसटीची रिटर्न आणि वर्षाचं आयकराचं मॅडम, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे तासभर बसणं. दिवाळीला त्यांच्या ऑफिसात अर्धा किलो चिवडा जातो. तो जाहिरात खर्चात धरायचा की माझ्या घरखर्चात, यावर टॅलीवाल्या मुलीचं आणि माझं अजून भांडण चालू आहे. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी मीठ कमी करा."